पायरीवरचं काळं ऑईल

अन्याय झाला तो परभणीत स्टेशन रोडवर मागून खाणाऱ्या एका म्हातारीवर, दोन हिवाळ्यांपूर्वी, शनिवारी संध्याकाळी, दुकानं बंद व्हायच्या वेळेला. गॅरेजवरून जाताना जळक्या ऑईलचा वास आला की मला तो शनिवार आठवतो. सकाळी ती कडीचा डबा घेऊन बाजारात फिरली होती आणि साडेसाती टळावी म्हणून दुकानदार वाटीतल्या तेलात आपलं तोंड बघून ते तेल तिच्या डब्यात ओतत होते. ज्या कापड दुकानाच्या पायरीवर ती रोज झोपायची, त्याच्या मालकानंही ओतलं, वर हात जोडले. संध्याकाळी त्यानंच शटर ओढलं आणि तिनं तिथं झोपू नये म्हणून पायरीला गॅरेजातलं काळं ऑईल फासलं. मी म्हणालो, "काका, थंडी लय हाय. म्हातारी जाईल कुठं?" तो हसला. "लय कळवळा आलाय तर ने की तुझ्या घरी! गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावायलंय." गोधडी काखेत धरून उभी असलेली म्हातारी मलाच म्हणाली, "नको भांडू बाबा. शनवारचं तेल इकूनच खाते मी. भांडलास तर फुडल्या शनवारी त्यो तेल घालायचा न्हाई." मग ती नालीच्या कठड्याला टेकून बसली. लोक येत-जात होते, थांबलं कुणी नाही. मला रागसुद्धा आला नाही, मीही घराकडे निघालो. आता त्या रस्त्यावरच्या आणखी पायऱ्या काळ्या झाल्यात. तुमची पायरी त्यात असेल, तर आज शटर ओढायच्या आधी राख टाकून ती घासून काढा, आणि जो येईल त्याला झोपू द्या.