बरं व्हायला जागा

सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत तिला सगळे पट्टीताई म्हणत. हात पिसासारखा हलका, तोंड मात्र फटकळ. चिकटलेली पट्टी ती अशी सोडवायची की माणसाला कळायच्या आत जखम उघडी, आणि त्याच दमात "गोळ्या घ्यायला काय हात दुखतात?" म्हणून अशी झापायची की तो दुखणंच विसरायचा.

तिच्याकडे एक छत्रीवाले काका यायचे. छत्र्या दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला. भाड्याची खोली सुटली तेव्हापासून बायकोला घेऊन पुलाखाली राहत होते. साखरेचा आजार आणि तळपायाला जखम. पट्टीताई जखम धुऊन स्वच्छ बांधायची, आणि पुढच्या खेपेला काका चिखलाने माखलेली पट्टी घेऊन हजर. ये रे माझ्या मागल्या!

"पाय वर ठेवून पडून राहा म्हटलं होतं ना मी?"

"ठेवला असता गं पोरी," काका म्हणाले, "पण कशावर ठेवू?"

पट्टीताईने जखम पुन्हा धुतली आणि काकांना थेट सर्जनसमोर नेऊन बसवलं.

सर्जन म्हणाले, असंच चाललं तर पाय कापावा लागेल, आजच दाखल व्हा. काकांनी हात जोडले. "हिला हल्ली काही लक्षात राहत नाही, साहेब. मी दिसलो नाही की शोधायला निघते. मी वॉर्डात पडलो तर ही कुठं जाईल?" दाराशी उभ्या असलेल्या काकू सगळ्यांकडे बघून हसत होत्या.

त्या दिवशी पट्टीताई घरी आली ती धुमसतच. सासूने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं. "जखम तू बांधतेस आणि रस्ता सोडतो," सासू म्हणाली. "मग नुसती पट्टी बदलून काय होणार, सूनबाई? जागा बदल."

जागा! पट्टीताई ताडकन उठली. दवाखान्याच्या मागे जुनी धुलाईची खोली होती. कपडे बाहेर धुवायला जाऊ लागले तेव्हापासून तिथे मोडक्या खाटांचा ढीग पडला होता. पाण्याचा नळ होता, मोठ्या खिडक्या होत्या, फरशी अजून धड होती. सकाळी ती थेट दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"हा दवाखाना आहे, धर्मशाळा नव्हे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"धर्मशाळा नकोच आहे, बाई. आपण पेशंटला सांगतो, घरी जाऊन आराम करा. ज्याला घरच नाही त्यानं आराम कुठं करायचा? जखम भरेपर्यंत तरी डोक्यावर छप्पर हवं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "चला, दाखवा." खोलीत फिरून त्यांनी छताकडे पाहिलं. "हे गळतंय."

"माझा नवरा दुरुस्त करेल."

"त्यांना माहीत आहे?"

"आज कळेल!"

मोठ्या बाई खळखळून हसल्या, आणि पट्टीताईला वाटलं, आता नाचावं की काय!

मग नुसती धांदल उडाली. नवरा प्लंबर, त्याने छत सांधलं, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि बायकोच्या नावाने हसत हसत शंख केला. वॉर्डबॉय खाटा घासायला बसले. सर्जनसाहेब जेवणाच्या सुट्टीत हातात ब्रश घेऊन आले. त्यांनी भिंतीपेक्षा स्वतःलाच जास्त रंगवलं. सासूने उशांना अभ्रे शिवले. "हात चालवा गं बायांनो," ती आयांवर ओरडायची, "लग्नघर आहे असं समजा!" जोडप्यासाठी कोपऱ्यात दोन खाटा एकमेकींना लावून ठेवल्या.

खोली तयार झाली तशी पट्टीताई पुलाकडे धावली. पुलाखाली चिटपाखरू नव्हतं. पुलाचं काम निघालं म्हणून सगळ्यांना उठवलं होतं. तिने नवऱ्याला बोलावलं, स्कूटरवर मागे बसली आणि दोघांनी गाव पालथं घातलं. बाजार झाला, बाग झाली, स्टेशन झालं. शेवटी एका किल्ल्या बनवणाऱ्याने सांगितलं, "लंगडणारे आजोबा ना? सोबत हसऱ्या आजी? बसस्टँडकडे गेले."

काका शेवटच्या बाकावर तापाने फणफणून पडले होते. काकू पुठ्ठ्याने वारा घालत होत्या.

"काका, उठा! जागा झाली!"

काकांनी डोळे उघडले. "आणि ही?"

"त्यांची खाट तुमच्या खाटेला लागून. हवं तेवढं भांडा, कोणी अडवणार नाही!"

काका अजून विचारातच होते, तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "अहो, उठा की! पोरगी न्यायला आलीय, वाट कसली बघताय?" पट्टीताईला हसूही आलं आणि रडूही आलं. नवरा तेवढ्यात रिक्षा घेऊन आला.

काकांच्या पायाचा अंगठा गेला, तो गेलाच. पाय मात्र वाचला. तापही उतरला, साखर ताब्यात आली. पट्टीताई पट्टी सोडायची तेव्हा खाली गुलाबी, कोरडी कातडी दिसायची, आणि ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटायची. काकू खोलीभर हिंडायच्या, पण रस्ता काही चुकायच्या नाहीत. चुकायला रस्ताच नव्हता. पुढे मोठ्या बाईंनी खटपट करून दोघांना जोडप्याने राहता येईल असा वृद्धाश्रम मिळवून दिला. जाताना काका स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत चालले, आणि निरोप द्यायला सर्जनसाहेबांसकट निम्मा दवाखाना बाहेर आला.

कोपऱ्यातल्या खाटांवर पट्टीताई नव्या चादरी घालत होती, तेवढ्यात दारात एक टॅक्सीवाला येऊन थबकला. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन एक बाई उभी होती, हाताला प्लास्टर, पायात चप्पल नाही.

"ही आमच्या स्टँडमागे झोपते," तो चाचरत म्हणाला. "इथं राहून बरं होता येतं म्हणे. खरं का हो?"

"अगदी खरं!" पट्टीताई म्हणाली, आणि बाईचा दुसरा हात धरून तिला आत घेऊन गेली.