बिनपट्टीचं मॅगझिन

रायफलला दुसऱ्या जातीची गोळी घ्यायची कल्पना माझी होती. हे आधी लिहून टाकतो, कारण गेली दोन वर्षं मी ‘आमची कल्पना’ असंच सांगत आलोय.

मी आणि माझा मित्र, दोघंही पुण्याचे, अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये एकाच ऑफिसात. रायफल माझी होती, सुट्या भागांची. खालचा भाग तोच ठेवायचा, वरची नळी बदलली की वेगळ्या जातीची गोळी चालते. घर आणि गाडी घेताना केली तशी मी याचीही एक्सेल शीट केली. धक्का कुठल्या गोळीचा कमी, लांब कुठली जाते. मित्र म्हणायचा, “अरे, मुली बघत होतास तेव्हा तरी शीट केली होतीस का?” शेवटी मी एक जाडी गोळी निवडली, ती एकाच कारणासाठी. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, तिला वेगळी लागत नव्हती. जुन्यातच चपखल बसायची. याचा मला केवढा अभिमान!

धोकाही नेमका तोच, आणि मला तो माहीत होता. जाडी गोळी बारीक नळीत गेली तर पुढे सरकत नाही, रायफल हातात फुटते. म्हणून जाड्या गोळ्यांच्या मॅगझिनला लाल पट्टी, हा नियम मीच घातला. मित्राला दहादा बजावलं.

त्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर पट्टीची मॅगझिनं भरून सात-आठ गोळ्या उरल्या. त्या मी एका बिनपट्टीच्या मॅगझिनमध्ये सारल्या. लक्षात राहील म्हटलं. मग डबे उघडून पोळीभाजी खाल्ली, गप्पा झाल्या. मी बारीक नळी चढवली. मित्राने टेबलावरचं बिनपट्टीचं मॅगझिन उचललं, रायफलला लावलं आणि चाप ओढला.

संरक्षक चष्म्याच्या फटीतून तुकडा गेला. त्याचा उजवा डोळा गेला.

रेंजवरचा माणूस धावत आला. काय झालं, त्याने विचारलं. चेहऱ्यावर टॉवेल दाबून मित्रच म्हणाला, “माय मिस्टेक. मी पट्टी बघितली नाही.” मी त्याच्या शेजारी उभा होतो. बोललो नाही. अँब्युलन्स गेल्यावर मॅगझिनचे तुकडे गोळा केले आणि घरी कचऱ्यात टाकले.

पुढे वहिनी चारचौघांत म्हणायच्या, “इंजिनिअर म्हणे! लाल रंग दिसत नाही ह्यांना.” तो हसायचा. मीही हसलोय, एकदा. मग त्याने टीम लीडचं काम सोडलं. “माझ्या लक्षावर माझाच भरवसा नाही यार,” म्हणाला. साधा ईमेलही मला दाखवून पाठवायचा. तू पक्का आहेस, म्हणायचा. डोळ्याचं मी अपघात म्हणून स्वतःला पटवत होतो. हे मात्र मी रोज, शुद्धीत राहून करत होतो.

मागच्या महिन्यात त्याच्या मुलीला शिकाऊ लायसन्स मिळालं. त्याचा फोन आला, “तू शिकव तिला. शेजारी बसायला लक्ष असलेला माणूस हवा.”

गेलो. त्याच्या ड्राइव्हवेमध्ये, त्यांच्या गाडीमागे माझी गाडी लावली आणि मुलगी बाहेर यायच्या आत त्याला सगळं सांगितलं. तुकडे टाकून दिल्याचंही.



“पट्टी नव्हतीच?” त्याने विचारलं.

“नव्हती.”

“नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे मी बघितलं होतं.” त्याचा आवाज फाटला. “मी बघितलं होतं रे! रोज आठवायचो. पट्टी आठवायचीच नाही. वाटायचं, डोकंच गेलं आपलं. आणि तू ईमेल तपासत होतास माझे?”

मी सॉरी म्हणालो. त्या शब्दाचं त्याने काय करायचं होतं, मला आजही कळत नाही.

मुलगी किल्ली फिरवत आली. “काका, आर वी गोइंग?”

“मी येतोय,” तो तिला म्हणाला. आपल्या गाडीचं दार उघडून तिच्या शेजारच्या सीटवर बसला, पट्टा लावला. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. त्याने काच खाली केली. वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

“तुझी गाडी काढ,” तो मला म्हणाला. “आम्हाला जायचंय.”