चाकू मिटेपर्यंत

सिप्रियनने चाकू मिटला की जेवण संपलं. फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावर गुरं राखणाऱ्या सगळ्याच घरांत ही रीत होती, पण सिप्रियनकडे ती जरा जास्तच जाचायची, कारण हा बाबा जेवायचा भराभर. सूप आधी त्याला वाढायचं, पाव त्यानेच कापायचा, आणि बाकीच्यांचा हात तोंडाशी पोचतो न पोचतो तोच टेबलाच्या वरच्या टोकाला 'टक्' व्हायचं. मग ताटात हॅम उरलेलं असो की बटाटा, गडीमाणसं तोंड पुसत उठायची. तुसाँ नावाचा जुना गडी घास टेबलावर भरतो आणि चावतो गोठ्यात, असं गावात म्हणत.

चाकू तिथलाच, लायोल गावचा. तिथल्या प्रत्येक पुरुषाच्या खिशात तो असतोच, आणि आपला सोडून बाकी सगळ्यांचे भंगार आहेत असं प्रत्येकाला वाटतं. सिप्रियनच्या चाकूची मूठ गाईच्या शिंगाची, पोटाशी किंचित बाक दिलेली, वापरून वापरून मधाच्या रंगाची झालेली. पात्याला जोडीला एक दाभण. ओला घास खाऊन गाय फुगली की तिच्या डाव्या कुशीत ते खुपसून वारा काढायचा. मुठीवर बारीक पितळी खिळ्यांचा क्रूस होता. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर कुठलं आलंय चर्च! तिथे पावात चाकू रोवायचा आणि त्या क्रूसाकडे बघून प्रार्थना म्हणायची. एका चाकूत भाकरी, डॉक्टर आणि देव असे तिघे मावतात, आणखी काय पाहिजे माणसाला, असं सिप्रियन बाजारात सांगायचा आणि वर चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही.

खरं तर हा चाकू अंगठ्याने दाबत हळू मिटायचा असतो. पातं आपटलं तर धार आतल्या पट्टीवर बसते आणि खचते. धार लावणारा दर वर्षी त्याला झापायचा, "लेका, असा नाजूक माल आणि दार लावल्यासारखा मिटतोस?"

"हळू मिटला तर टोकाच्या गड्याला ऐकू कसं जाणार?" सिप्रियनचं ठरलेलं उत्तर.

त्याची बायको फिलोमेन या सगळ्या वेळात चुलीपाशी उभी असायची. तिथल्या बायका वाढतात आणि पुरुष उठले की मग जेवतात. त्यामुळे तो 'टक्' म्हणजे तिची बसायची वेळ. त्या आवाजाचा तिला राग नव्हता, कौतुकही नव्हतं. नवऱ्याबद्दल काय वाटतं, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही त्या भानगडीत डोकं घातलं नव्हतं.

हिवाळा सरता सरता सिप्रियन गोठ्यात कोसळला. रोदेझच्या इस्पितळात बरेच आठवडे काढून तो घरी आला तो उजवी बाजू गमावूनच. पाय ओढत चालायचा. उजवा हात वळायचा, बोटं थोडीफार मिटायची, पण त्यात जाणीव म्हणून राहिली नव्हती. चुलीवरच्या पातेल्याला हात टेकून तो निवांत उभा राहिलेला फिलोमेनने एकदा बघितला आणि ओढून बाजूला केला. शेजारणी म्हणायच्या, फिलोमेन मोठी धीराची. कसला धीर! तिला काही वाटतच नव्हतं. सकाळी उठावं, त्याला कपडे चढवावेत, दूध तापवावं, रात्री दिवा मालवावा. दिवस हातावरून पाणी जावं तसे जात होते.

घरी आल्यावरच्या पहिल्या जेवणाला तो आपल्या जागी बसला. पातं तिने नखाने उघडून दिलं, त्याने डाव्या हाताने कसंबसं खाल्लं. सूप संपलं, हॅम संपलं, चीज संपलं. सगळे थांबले. सिप्रियनने चाकूकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. कुणी उठेना. तुसाँ पावाचे कण एकेक करून गोळा करू लागला. या गड्याच्या नशिबी पहिल्यांदाच सावकाश जेवण आलं होतं आणि घास घशाखाली उतरत नव्हता. बाहेर गाई हंबरायला लागल्या तेव्हा सिप्रियनच म्हणाला, "बसलात काय? निघा." निघाले सगळे, पण हाकलल्यासारखे निघाले.

मग रोज तेच. जावई आल्बान आता शेत बघत होता. वाईट नव्हता पोरगा, पण गवत कापायला आलं होतं, आभाळ भरून येत होतं, आणि माणसं टेबलाशी पुतळ्यासारखी बसून राहायची. मुलगी ओदेत तालुक्याहून लाकडी मुठीचा हलका चाकू घेऊन आली. "बाबा, हा एका हाताने मिटतो बघा."

सिप्रियनने तो डाव्या हाताने उचलला, परत खाली ठेवला. "अळंबी खुडायला घेऊन जा."

"अहो, पण मिटतो ना!"

"पेटीचं झाकणही मिटतं. ते घेऊन जेवायला बसू?"

तुसाँने एकदा गोठ्यात त्याला सुचवून बघितलं. "मालक, डाव्या हातात धरा आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दाबा. मिटतोय तसा."

"तसा खाटीक मिटतो," सिप्रियन म्हणाला. "माझ्या बापाने उजव्यात धरला, डाव्याने मिटला. मी तसाच मिटणार."

शेवटी आल्बानने सासूला दुधाच्या खोलीत गाठलं. टोपी हातात घेऊन तो उभा राहिला, म्हणजे बोलणं साधं नव्हतं.

"आई, उद्यापासून चाकू मी मिटतो."

फिलोमेन दूध गाळत होती. ती गाळत राहिली.

"मला हौस नाही हो. पण गडी हसायला लागलेत. परवा एकाने टेबलाखाली पत्ते काढले. बाबांची जागा बाबांचीच, त्यांनी तिथेच बसावं. फक्त मिटणार मी. तुम्ही त्यांना रात्री सांगा. माझ्याकडून ऐकलं तर..."

"सांगते," ती म्हणाली.

जो चाकू मिटतो तो घराचा मालक, हे तिला कुणी समजावून द्यायला नको होतं. उद्या जावयाने मिटला की सिप्रियन आपल्याच घरात पाहुणा होणार आणि मग फार दिवस काढणार नाही, हेही तिला कळत होतं. कळत होतं, पण टोचत नव्हतं. झालं तर झालं, असं काहीसं मनात आलं आणि तेही निघून गेलं.

संध्याकाळी त्याचे बूट काढताना तिने सांगून टाकलं. "उद्यापासून आल्बान मिटेल म्हणतोय."

त्याने दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाला, "तू काय म्हणालीस?"

"सांगते म्हणाले."

"सांगितलंस," तो म्हणाला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आलिगो होतं. बटाटा आणि ताजं चीज घोटून घोटून तार सुटेपर्यंत ढवळायचं, त्यात तिचे दंड भरून आले होते. सिप्रियनने पाव छातीशी धरून घेतला, पावाच्या पाठीवर चाकूच्या टोकाने वाकडातिकडा क्रूस काढला आणि स्वतः कापला. पहिला तुकडा जाड, दुसरा पातळ. तो सावकाश जेवला. आल्बानने आपलं ताट संपवलं, आपला चाकू पावाने पुसला आणि सासूकडे बघितलं. तिने मान डोलावली नाही, नाहीही म्हटलं नाही. आल्बानचा अंगठा पात्याच्या पाठीवर गेला.

"थांब रे," सिप्रियन म्हणाला.

त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून टेबलावर आणला, जशी एखादी वस्तू आणावी तसा. तळवा उघडला, त्यात चाकूची मूठ ठेवली, एकेक बोट वळवून तिच्यावर घट्ट बसवलं. बापासारखं. मग डाव्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवला आणि सगळा जोर लावून दाबला.

पातं खाली गेलं. 'टक्' झालं नाही.

सगळे आवाजाची वाट बघत बसले. सिप्रियन ताठ मानेने समोर बघत होता, चेहऱ्यावर कसलीही कळ नाही. त्याच्या लेखी चाकू मिटला होता. फिलोमेन चुलीपाशी उभी होती, तिथून तिला त्याचा हात दिसला. तर्जनी मुठीच्या खाचेत गेली होती आणि पातं तिच्यावर बसलं होतं. मनगटाखालून लाल धार टेबलावर उतरत होती.

तुसाँ सगळ्यात जवळ बसला होता. त्याने बघितलं. त्याच्या ताटात अर्धं आलिगो तसंच होतं. तो उठला, बाक मागे सरकवला आणि मोठ्याने म्हणाला, "चला, झालं जेवण."

दुसरा गडी उठला. आल्बान बसूनच होता. त्याने सासऱ्याच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. तोंडावर काय होतं कोण जाणे, पण पोराने आपला उघडा चाकू तसाच टेबलावर सोडला, टोपी घातली आणि म्हणाला, "येतो बाबा. खालचं गवत आज उचलतो."

"ढग बघून उचल," सिप्रियन म्हणाला.

दार लागायच्या आत फिलोमेन त्याच्या बाजूला पोचली होती. तिने पातं उचकटलं, बोट सोडवलं, हात टेबलाखाली ओढून आपल्या अ‍ॅप्रनमध्ये गुंडाळला आणि दोन्ही मुठींनी आवळला. रक्त तिच्या मांडीपर्यंत ऊन ऊन आलं. ती तशीच त्याच्याशेजारी बाकावर टेकली. इतक्या वर्षांत या माणसाचा हात तिने असा कधी धरला नव्हता, आणि ज्याचा हात त्याला पत्ताच नाही.

तो खिडकीतून माणसं गवताकडे जाताना बघत होता. चेहरा कसा उजळला होता त्याचा.

"निघाले ना सगळे?"

"निघाले."

"बघितलंस? उठले." मग त्याची नजर टेबलावर आली. लाकडावर लाल ओघळ पसरला होता. "अरे, ही वाइन कुणी सांडली?"

"मी," फिलोमेन म्हणाली.

"धांदरट कुठली," तो म्हणाला, आणि पुन्हा बाहेर बघू लागला.