पत्र्यावर पाणी पिण्याची मुभा

कामावरची माणसं मला पाठीमागे भोंगा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचं काम असतं, तिथे सुरक्षेची जबाबदारी माझी. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याचा तंतू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि छातीत गेला की तिथेच मुक्काम ठोकतो. आजार वर यायला वीस-तीस वर्षं लागतात. साप निघाला तर माणसं आपणहून पळतात. इथे पळावं असं काही दिसतच नाही. म्हणून मी ओरडते, आणि चांगली ओरडते.

त्या मे महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बंद यंत्रमाग कारखान्याचं छप्पर उतरवायचं होतं. पहिल्या सकाळी मी सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितले. पत्रा आधी साबणाच्या पाण्याने भिजवायचा. फोडायचा नाही, वरून टाकायचा नाही. कोरडा झाडू हातात दिसला तर झाडूवाल्यासकट गेटबाहेर. अंगभर सूट, तोंडावर फिल्टरचा मास्क, आणि मास्क नीट बसावा म्हणून रोज दाढी. वर असताना खायचं नाही, प्यायचं नाही. खाली आलं की सूट टाकायचा, तिथेच आंघोळ करायची, मगच घरचे कपडे. घड्याळ, अंगठी, हातातला गंडा, सगळं आधी काढून ठेवायचं.

सगळ्यांनी काढलं. मुकादमांनी छातीवर हात ठेवला. साठीला टेकलेला माणूस, सगळे त्यांना मामा म्हणत. फळी टाकल्याशिवाय पत्र्यावर पाऊल न टाकणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. "हे न्हाय काढत, ताई," ते शांतपणे म्हणाले. गळ्यात कापडात बांधलेलं इष्टलिंग होतं.

मी वाद घातला नाही. आमचंही घर लिंगायतांचं. माझ्या वडिलांच्या गळ्यातलं लिंग शेवटपर्यंत उतरलं नाही. मी म्हटलं, सुटाच्या आत, अंगालगत ठेवा आणि चेन गळ्यापर्यंत लावा. मामांनी मान डोलावली. पुण्याहून आलेला अधिकारी असता तर अर्धा तास हुज्जत घालून माणूस गमावून बसला असता, असं मनात येऊन मी स्वतःवर खूश झाले.

ऊन मात्र कुणाचं ऐकत नव्हतं. दहा वाजताच पत्रा चटके देऊ लागे. पहिल्याच दिवशी एकाला भोवळ आली. पाण्यासाठी खाली यायचं तर सूट टाका, अंग धुवा, पाणी प्या, नवा सूट चढवा, परत शिडी. त्यात अर्धा तास मोडायचा आणि ठेकेदार माझ्याकडे बघत उभा राहायचा. खरं तर कामाचे तास पहाटेकडे ओढून विश्रांती वाढवायला हवी होती. मी सोपं केलं. बाटल्या वर न्यायला मुभा दिली. मास्क जरा बाजूला करून चार घोट घेतले तर काय होतंय, हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

चौथ्या दिवशी फळ्या तपासायला मी स्वतः वर गेले. मामांनी पाण्यासाठी काम थांबवलं होतं. त्यांनी बाटली बाजूला ठेवली, सुटाची चेन छातीपर्यंत उघडली, पत्रे हाताळलेल्या त्याच हातमोज्यांनी कापडाची गाठोडी बाहेर काढली, कपाळाला लावली, डोळे मिटले. मग ती आत सारली आणि पाणी प्यायले. देवाला दाखवल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. माझे वडील आयुष्यभर हेच करत होते आणि मी रोज समोर बसून बघत होते.

मी काम थांबवलं. सगळ्यांना खाली आणलं, आंघोळी झाल्या, बाटल्या कचऱ्याच्या पिशवीत गेल्या. मामांना सावलीत बसवून सगळं सांगितलं: वर पाण्याला परवानगी द्यायलाच नको होती, चूक माझी आहे, तुमची नाही. लिंग धुऊन घ्यावं लागेल आणि ते कापड सील करून टाकावं लागेल.

त्यांनी लिंग स्वतः धुतलं, माझ्या नव्या कोऱ्या रुमालात बांधलं, जुनं कापड पिशवीत घातलं. मग म्हणाले, "रोज सांजच्याला पूजेला बसतो तवा नात मांडीवर असती. दोन वर्साची हाय. कापड मी तिच्या म्होरंच सोडतो की."

मला गप्प बसावंसं वाटलं. मी गप्प बसले नाही. म्हटलं, "तीन दिवसांत धोका फार थोडा असतो, मामा. पण अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही."

त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. मग म्हणाले, घरी चला आणि पोरीच्या आईला हे तुमच्या तोंडानं सांगा. मला नीट सांगता यायचं न्हाय.

दोन खोल्यांचं घर. सून दारातच भेटली. पोरगी तिच्या पदराला धरून उभी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पाण्याची परवानगी कुणी दिली हेही. तशी भीती मला वीस फूट उंचीवर कधी वाटली नव्हती. माझं बोलणं संपल्यावर ती पोरीला शेजारणीकडे देऊन आली. सासऱ्यांशी कानडीत दोन वाक्यं बोलली. मला कळलं ते इतकंच, की तुम्ही बाहेर थांबा.

मग ती कोपऱ्यातल्या केरसुणीकडे गेली. मी म्हटलं, केरसुणी नको, ओलं फडकं हवं, आणि एकदा पुसलेलं फडकं पुन्हा वापरायचं नाही.

तिने जुनी साडी काढली आणि टराटरा फाडून तिचे तुकडे केले. बादली भरून पूजेच्या जागेसमोर ठेवली.

"रडत बसायला मला येळ न्हाय, ताई," ती म्हणाली. "तुमी बसा हितं, आन् कसं पुसायचं ते दाखवा."

मी गुडघ्यांवर बसले आणि फडकं भिजवलं.