झाकणाखालचा गुलाब

भावजींना बाजारात सगळे 'भोंगा' म्हणायचे, आणि ते नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. भाजीच्या घाऊक बाजारात जन्मभर लिलाव पुकारला या माणसाने. नाकही तसंच तिखट. शिवलेल्या पोत्याला नाक लावून आत एखादा कांदा सडलाय, असं ते सांगत, आणि पोतं उसवलं की तो निघेच. हे नाक ते बाजारातच ठेवून घरी यायचे, अशी माझी जुनी तक्रार आहे. मेहुणी असल्यामुळे ती तोंडावर करायचा हक्कही मला आहे.

घरी माझी ताई त्यांच्या घशासाठी गुलाबाचा काढा करायची. फुलं गॅलरीत डब्यात लावलेल्या झाडाची. विकतच्या फुलांवर औषध मारलेलं असतं म्हणून ती घरात यायची नाहीत. पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडू, तो नखाने खुडायचा. मग पाकळ्या सावलीत सुती कापडावर वाळवायच्या. पाण्यात बडीशेप आणि ज्येष्ठमध उकळून भांडं खाली उतरवायचं, पाकळ्या टाकायच्या, वर झाकण. इथून पुढे सगळं ताईच्या नाकावर. झाकण जरा कलतं करून ती वास घ्यायची, कच्चा वाटला की परत झाकायची. मग एकदम "आला!" म्हणत गाळून घ्यायची, कारण उशीर झाला की काढा तुरट होतो. घड्याळ लाव म्हटलं तर म्हणायची, "पाकळ्या रोज वेगळ्या असतात गं, घड्याळाला काय कळतंय?"

भावजी तो पेला उभ्या उभ्या रिचवायचे, एका हाताने सदऱ्याची बटणं काढत.

"कसा झालाय?" ताई विचारायची.

"झकास." नुसतं गरम पाणी दिलं असतं तरी झकासच म्हणाले असते.

मागच्या वर्षी ताईला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिला येणारा वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. नाही आला. जेवणात तिला रस उरला नाही, फोडणी करपली तरी कळेना. भावजी एव्हाना बाजार सोडून घरीच असायचे. तिने त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली.

"तुमचं नाक एवढं तिखट. झाकणापाशी उभे राहा आणि पहिल्यासारखा वास आला की सांगा. हा काढा तेवढा मला नीट करायचाय. माझं म्हणून तेवढं एक तरी राहू दे."

परवा मी गेले तेव्हा हेच चाललं होतं. भावजी ओट्याशी वाकून हुंगत होते. चेहरा अभ्यास न केलेल्या पोरासारखा. मला दारापर्यंत वास आला, पण ताईने विचारलं होतं त्यांना, म्हणून मी तोंड मिटून बसले.

"आला का हो?"

"अं... नाही अजून."

बऱ्याच वेळाने म्हणाले, "हां, आता आला. अगदी पहिल्यासारखा."

गाळलेल्या पाकळ्या त्यांनीच हाताने पिळल्या. काढा इतका तुरट की माझी जीभ टाळ्याला चिकटली. भावजी म्हणाले, "झकास!" ताईने आपला पेला शांतपणे संपवला आणि विसळून ठेवला. मला भयंकर राग आला आणि वाईटही वाटलं.

ते मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "मला आठवतच नाही गं, पहिल्यासारखा म्हणजे कसा. इतकी वर्षं प्यायलो, वास कधी घेतलाच नाही. सडका कांदा झोपेतही सांगेन बघ." भोंग्याचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "रोज अंदाजाने ठोकून देतो. तिला बिचारीला कळत नाही, तेवढंच बरं."

"भावजी, तिचं नाक गेलंय, जीभ नाही. तुरट तिला कळतं."

ते थांबले. "रोज कळतं?"

"रोज."

"मग बोलली का नाही कधी?"

"तुम्ही झकास म्हणालात ना. मग ती काय बोलणार?"

बस आली. मी चढले, जागा मिळाली, खिडकीतून मागे पाहिलं. भावजी थांब्यावरच उभे होते. पाकळ्या पिळलेली बोटं नाकाशी धरून पुन्हा पुन्हा हुंगत होते.