रिकाम्या रकान्याची भिंत

जगात उघडी राहिलेली प्रत्येक गोष्ट बंद करणं ही आपलीच जबाबदारी आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो देवासला टायपिंग शिकवत असे. आमची अर्धी कॉलनी त्यांच्याकडे मशीनं बडवून नोकरीला लागली. सगळे त्यांना मास्साब म्हणत, मीही तेच म्हणते. नव्वदीच्या शेवटाला टायपिंगकडे कुणी फिरकेना, तेव्हा त्यांनी एक सोडून सगळी मशीनं काढून टाकली, एक कॉम्प्युटर आणला, त्याच्यावर बाग गावच्या ठसेछपाईची चादर घातली आणि दारावरच्या पाटीत ‘टायपिंग’च्या खाली ‘वेबपेज’ असं स्वतःच्या हातानं रंगवलं. ते स्वतः मॅट्रिक. वेबपेज शिकले ते एका इंग्रजी पुस्तकावरून, शेजारी शब्दकोश ठेवून, आणि असे शिकले की पुस्तकातल्या दोन चुका त्यांनी लाल शाईनं दुरुस्त करून ठेवल्या होत्या.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाबा सोलापूरकडून इथे कारखान्यात हेल्पर म्हणून आले आणि अंगठ्याऐवजी सही करायला इथेच शिकले. त्यामुळे बी.एस्सी.चा कागद हातात आला तेव्हा माझी मान जरा ताठ झाली होती, अजूनही आहे. मास्साबांनी ती पहिल्याच दिवशी ओळखली. “या, ग्रॅज्युएट. चपला बाहेर. वही आणली?” कॉम्प्युटर शिकायला वही कशाला, तर वीज असायची तेव्हा असायची, बाकी वेळ आम्ही टॅग वहीत लिहायचो. टॅग म्हणजे कंसात लिहिलेली सूचना: इथून अक्षर ठळक, इथे ठळक संपलं, इथून यादी सुरू, इथे यादी संपली. जो उघडला तो बंद करायचा, आणि सगळ्यात शेवटी उघडलेला सगळ्यात आधी. हा नियम मास्साबांनी संसारालाही लावला होता. गावाला निघताना आधी डबा, मग कपाट, मग खोली, मग फाटक, प्रत्येकाचं नाव घेऊन बंद करत. त्यांच्या बायको, आमच्या काकू, रस्त्यात पिशवी धरून उभ्या. समोरचा किराणावाला दर वेळी विचारायचा, “मास्साब, सब टैग लग गए?” आणि मास्साब गंभीरपणे “लग गए, भिया” म्हणून पुढे जात. चेष्टा त्यांच्या ध्यानात आली नाही असं नाही, पण प्रश्न रास्त होता.

दुसरी गोष्ट म्हणजे पळणारी अक्षरं. त्या दिवसांत ज्याला त्याला पानावर सरकणारी, लुकलुकणारी अक्षरं हवी असायची. एक शेववाले सेठ आले, म्हणाले, “भिया, कुछ चलता-फिरता डालो, ग्राहक रुकेगा.” मास्साब म्हणाले, “सेठ, अक्षर ही भागने लगा तो पढ़नेवाला क्यों रुके?” सेठ गेले ते परत आले नाहीत. काकू आतून म्हणाल्या, “घ्या. गिऱ्हाईकही पळालं.” मास्साबांनी चादर सारखी केली.

पण त्यांचा खरा जीव होता एकाच पानात. मास्साब मूळचे निसरपूरकडच्या एका गावचे. गाव डूबमध्ये, म्हणजे धरणाच्या पाण्याखाली, जाणार हे ठरलेलं होतं, कधी जाणार ते ठरत नव्हतं. एक एक घर उठत होतं, कुणी पुनर्वसन वसाहतीत, कुणी कुक्षीला, कुणी पार सुरतेला. मास्साबांना घोर होता तो एवढाच, की कोण कुठे गेलं आणि कोण कुणाचा शेजारी होता, हे थोड्या वर्षांनी सांगणारा कुणी राहायचा नाही. म्हणून त्यांनी त्यांच्या गल्लीचं टेबल बनवलं होतं. एक ओळ म्हणजे रस्त्याची एक बाजू, एक रकाना म्हणजे एक घर. जो राहतो त्याचं नाव रकान्यात. गेला, की त्याचं नाव आणि नवा पत्ता खालच्या यादीत, आणि वरचा रकाना रिकामा. दर महिन्याला ते धारला बस बदलून गावी जात, गल्लीतून चालत, आणि परत आले की पान दुरुस्त करत.

एकदा ते गावी गेले असताना मी माझी अक्कल चालवली. टेबलात पुष्कळ रकाने रिकामे दिसले. मी ते काढून टाकले. पान आटोपशीर झालं. मास्साब आले, चष्मा लावून बघत बसले.

“हे काय केलंस?”

“मास्साब, रिकामे होते. फालतू जागा जात होती.”

“फालतू,” ते म्हणाले. “गेंदालाल टेलर आणि रामेश्वर सेठ. वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये तीन घरं होती म्हणून गल्ली शांत होती. तू त्यांची भिंत एक करून टाकलीस.”

मला हसू आलं. ते हसत नव्हते.

“तिघं गेले, बेटा. घरं गेली नाहीत. पाणी येईपर्यंत उभीच आहेत.”

मी खाली मान घालून रकाने परत घातले. पण पान उघडलं तर त्या जागी नुसती भगदाडं, रेघाच नाहीत. माझ्या बी.एस्सी.ला काही सुचेना. मास्साबांनी कीबोर्ड ओढला. “रिकाम्या रकान्याची भिंत ब्राउझर आखत नाही. त्याला वाटतं, आत कोणी नाही तर भिंत कशाला. मग त्याला फसवायचं.” त्यांनी रकान्यात सहा अक्षरं टाइप केली. ती पानावर दिसत नाहीत, नुसती एक मोकळी जागा राहते. पण आत काहीतरी आहे एवढं ब्राउझरला कळतं. पान पुन्हा उघडलं. तीन रिकामी घरं, चारी भिंतींसकट, गेंदालाल आणि रामेश्वर सेठांच्या मध्ये उभी होती. “अशी,” मास्साब म्हणाले, आणि मला बाकीच्यांत तेच लिहायला बसवलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गावाहून आले ते चपलांसकट आत येऊन बसले. काकूंनी पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं. “दादाने प्लॉट घेतला,” ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. गावातल्या घरात तेच राहत; प्लॉट घेतला म्हणजे आता तेही वसाहतीत. “तू कर, ग्रॅज्युएट.” मी दादांचं नाव वरून काढलं, खालच्या यादीत पत्त्यासकट घातलं, आणि शेवटून दुसऱ्या रकान्यात ती सहा अक्षरं लिहिली. मास्साब अगदी जवळ वाकले. पडद्यावर बोट फिरवत चारी बाजू बघितल्या. “आहे,” म्हणाले. मग उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दार त्यांच्या मागे उघडंच राहिलं. मी किंवा काकू, दोघींपैकी कुणीच ते लावायला उठलं नाही.

आता मास्साब नाहीत, आणि गाव पाण्याखाली आहे. ते पान माझ्याकडे आहे. वर गल्लीत एकही नाव उरलेलं नाही, खाली यादी मात्र लांबलचक, आणि सुरतेहून, कुक्षीहून कुणी ना कुणी अजून पत्ता बदलला म्हणून कळवतं. हल्लीचे ब्राउझर शहाणे झालेत, रिकाम्या रकान्याच्या भिंती आपणहून आखतात. ती सहा अक्षरं लिहायची आता गरज नाही, हे मला माहीत आहे. माझी पोटापाण्याची नोकरीच वेबपेजची आहे. मागे एकदा ती काढून पान नीट करायला बसले, पहिल्या रकान्यापर्यंत गेले आणि थांबले. ज्यानं लिहायला शिकवलं त्यानं भिंत पडू नये म्हणून शिकवलं होतं. मी काही न बदलता पान बंद केलं.