हॅनराहनांची चूल

प्रमोदिनीबाईंनी पुणे जिल्ह्यात एकतीस वर्षं जमिनी मोजल्या. भूकरमापक म्हणून त्या पहिल्यांदा गावात गेल्या, तेव्हा पाटलांनी त्यांनाच विचारलं, "साहेब कुठंयत?" बाईंनी मोजणीच्या साखळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "धरा." पुढे बांधावरून हमरीतुमरीवर आलेले भाऊ, रातोरात सरकलेले हद्दीचे दगड, सगळं पाहून झालं. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे, चारुदत्तकडे, न्यूझीलंडमध्ये पापाकुराला आल्या. इथे कुणाचा बांध सरकत नव्हता आणि त्यावरून कुणी भांडतही नव्हतं. बाईंना अजिबात करमेना.

अशात कुंपणापलीकडच्या ब्रायडी हॅनराहनने त्यांना एका दुपारी लिंबं दिली आणि लिंबांबरोबर एक कागदही पुढे केला. ब्रायडी त्र्याऐंशी वर्षांची, निवृत्त शिक्षिका, बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर.

"प्रमो, तू जमिनी मोजायचीस ना? मग हे वाच."

जुन्या मोजणीदाराच्या वहीतल्या पानाची ती प्रत होती. बाईंचे डोळे चमकले. भाषा इंग्रजी, पण मजकूर ओळखीचा: कोपऱ्याची खुंटी, ओढा, बांध, घर, अंतरं साखळ्यांत. आपल्याकडची जुनी टिपणं अशीच तर असतात!

ब्रायडीचे पणजोबा गवंडी होते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आयर्लंडमधून उपाशीपोटी निघून बायकोसह इथे आले आणि पापाकुराच्या दक्षिणेला ओढ्याकाठी त्यांनी घर बांधलं. "जमीन आमची नव्हती," ब्रायडीने स्वच्छ सांगून टाकलं. "लढाईनंतर सरकारने इथल्या मूळच्या माओरी लोकांकडून हिसकावलेली. शाळेत मुलांना मी हेही शिकवायचे." बाईंनी मान डोलावली. कुठलाही उतारा मागे नेत गेलं की आधीचं कुणीतरी निघतंच, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

खरी गोष्ट पुढे होती. पणजीने आयर्लंडमधल्या बहिणीला लिहिलेलं एक पत्र नुकतंच ब्रायडीच्या हाती आलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'चुलीच्या सपाट दगडावर ह्यांनी आपल्या लेकरांची नावं कोरली आहेत. नावं सात आहेत. जेवायला हाका मारल्या की सहाच येतात.'

सहा नावं ब्रायडीला पाठ होती. सातव्या लेकराबद्दल घरात कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आता ती जागा एका बिल्डरने घेतली होती आणि सोमवारी बुलडोझर येणार होते. दगड हलवायचा नाही, फक्त शोधून पाहा, म्हणून त्याने शनिवारचा एक दिवस दिला होता. "मला ते नाव हवंय, प्रमो," ब्रायडी म्हणाली. "मी गेले की त्याची चौकशी करणारं कुणी उरणार नाही."

शनिवारी सकाळी सून ऋचा गाडी घेऊन दोघींना तिथे घेऊन गेली. बाई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून, हातात टेप घेऊन अशा उतरल्या, की जणू तालुक्याचं मोजणी पथकच आलंय. कोपऱ्यापासून ओढ्याकडेने बारा साखळ्या, तिथून आत तीन. बाईंनी मनात गुणाकार केला, टेप धरला, खुंटी ठोकली आणि समोरच्या काटेरी झुडपांच्या जाळीकडे बोट दाखवलं. "इथेच! घराच्या कोपऱ्यावर उभ्या आहोत आपण!"

ब्रायडीने टाळ्या पिटल्या. तिघींनी दोन तास जाळी कापली. हाताला ओरखडे आले, ऋचाची ओढणी फाटली आणि सापडलं काय, तर एक गंजलेली बादली. दगड नाही, विटेचा तुकडासुद्धा नाही.

ब्रायडी गाडीत जाऊन बसली. "असू दे, प्रमो. तू खूप केलंस." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. एकतीस वर्षांत त्यांची मोजणी चुकली नव्हती, आणि चुकायला हाच दिवस सापडला!

"आई, थोडं खाऊन घेऊ या," ऋचा म्हणाली. रस्त्यापलीकडच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, तिने सँडविचेस आणली. बाईंनी सँडविच नुसतं हातात धरलं. त्या कागदच वाचत बसल्या. त्यावर रस्त्याच्या रेघेपाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: रुंदी एक साखळी.

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. हा एक साखळी? हातातलं सँडविच ऋचाकडे देऊन त्या तडक निघाल्या. एक साखळी म्हणजे तेहतीस फूट, म्हणजे त्यांची तेरा पावलं. हा हिशेब त्यांच्या पायांना पाठ होता. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत त्या चालत गेल्या आणि सव्वीस पावलं भरली.

"अगं ऋचा!" त्यांनी रस्त्याच्या मध्येच कपाळावर हात मारला. "यांची साखळी सहासष्ट फुटांची! मी आपली पुण्याची तेहतीस फुटी धरून बसले! निम्म्यातच थांबलो आपण!"

"आई, आधी रस्त्यातून बाजूला व्हा! कार येतेय!"

पण बाई कसल्या ऐकतात! टेप घेऊन त्या ओढ्याकडेने अक्षरशः धावत सुटल्या. मागे ऋचा, आणि तिच्यामागे जँडल्स फटफटवत ब्रायडी. सातशे ब्याण्णव फूट, तिथून आत एकशे अठ्ठ्याण्णव. तिथे आणखी एक जाळी होती, पहिलीपेक्षा दाट. ऋचाने फांद्या कापल्या, बाईंनी त्या ओढून काढल्या आणि आत शेवाळलेला, सपाट, पाटाएवढा दगड दिसला.

"सापडला! ब्रायडी, सापडला!" बाई ओरडल्या, तेही मराठीत. ब्रायडीला सगळं समजलं.

बाटलीतलं पाणी ओतून ब्रायडीने पदराने पुसावं तसं आपल्या स्कार्फने शेवाळ पुसलं. अक्षरं वर येऊ लागली. ती बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. "जोहॅना. टिमथी. मायकल." तिसऱ्या नावाखाली छोटासा क्रूस होता. "मेरी. नोरा. पॅट्रिक." आणि सगळ्यात खाली पुन्हा, "मायकल."

"दोनदा कसं?" ऋचाने विचारलं. "चुकून कोरलं असेल का?"

"चुकून नाही," ब्रायडी दगडाशेजारी मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. "गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला द्यायचे आमच्यात. हा शेवटचा मायकल म्हणजे माझे आजोबा. ज्या नावासाठी मी एवढी तडफडले, ते घरात रोज घेतलं जायचं! पणजी एकाला हाक मारायची ना, ती दोघांना असायची."

मग ती उठून उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्या मोकळ्या माळावर तिने जेवायला बोलवावं तशी हाक मारली, "मायकल!"

"मायकल!" तिच्या शेजारी उभं राहून प्रमोदिनीबाईंनीही हाक मारली.